खाऱ्या वाऱ्यातली ॲल्युमिनियमची खिडकी: काय टिकतं, काय झिजतं, कधी काय करायचं

गोव्यात कोणी ‘खिडकी बाद झाली’ म्हणालं, की आधी ती खिडकी जवळून पाहावी. बहुतेक वेळा ॲल्युमिनियमला काहीही झालेलं नसतं. बेअरिंग, म्हणजे खालचं सरकतं चाक, जाम झालेलं असतं, रबर कडक होऊन आखडलेलं असतं, एखादा लोखंडी स्क्रू फुगून बसलेला असतो, नाहीतर ट्रॅकमधलं, म्हणजे खिडकी सरकते त्या खाचेतलं, पाणी जायचं भोक मातीने बुजलेलं असतं. चौकट भिंतीत ठणठणीत उभी असते आणि घरमालक नव्या खिडकीचं कोटेशन हातात घेऊन बसलेला असतो.

हा धातू किती टिकतो याची शंका नको. लंडनच्या पिकॅडिली सर्कसमधला पंखवाला पुतळा ॲल्युमिनियमचा आहे. १८९३ साली तो उभारला, आणि मधली काही वर्षं हलवला होता ती सोडली तर तेव्हापासून तो उघड्यावर, धुरात आणि पावसात उभा आहे. तुमच्या घरातलं सेक्शन, म्हणजे चौकटीची ॲल्युमिनियमची पट्टी, अगदीच पत्र्यासारखं पातळ नसेल आणि समुद्र थेट तोंडावर येत नसेल, तर चौकट तीस-चाळीस वर्षं सहज जाते. बाकीच्या गोष्टींचं आयुष्य वेगवेगळं असतं. ढोबळमानाने धरा: चांगलं पावडर कोटिंग (भट्टीत पक्का केलेला पावडर रंग) पंधरा वर्षं, त्याच्या जरा पुढेमागे, चांगलं ईपीडीएम (ऊन-पाऊस सोसणारं कृत्रिम) रबर दहा-बारा वर्षं, स्वस्त पीव्हीसी रबर उन्हाच्या बाजूला चार-पाच वर्षांतच लाकूड होतं, सिलिकॉन दहाएक वर्षं, बेअरिंग, लॉक आणि शटरच्या कडेचा लोकरी ब्रश पाच ते आठ वर्षं, किनाऱ्यावर त्याहून कमी. म्हणजे एका चौकटीच्या आयुष्यात बेअरिंगं चार-पाचदा आणि रबर दोन-तीनदा बदलायचं असतं. हे खर्च धरूनच खिडकी घ्यावी. खिडकीची देखभाल म्हणजे मुख्यतः ही चिल्लर वेळेवर बदलणं आणि मीठ धुऊन काढणं.

मीठ नेमकं काय करतं

ॲल्युमिनियम उघडं पडलं की हवेतल्या प्राणवायूने त्यावर ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर धरतो. ओरखडा पडला तरी थर पुन्हा येतो. लोखंडाचा गंज सुटून पडतो आणि आतलं ताजं लोखंड उघडं करतो. इथे थर घट्ट चिकटून राहतो आणि आतल्या धातूला राखतो. या थराला तीन वैरी आहेत: तीव्र आम्ल, तीव्र अल्कली आणि मिठातलं क्लोराइड. क्लोराइड थराला बारीक छिद्रं पाडतं, छिद्र आत खोल जातं आणि तोंडावर पांढरी पूड जमते. ती पूड दिसली म्हणजे खिडकी संपली असं नाही, पण तिथे मीठ साचून राहतंय हे नक्की.

आता खरी गोम. पावसाळ्यात बरणीतलं मीठ पाझरतं हे घरात सगळ्यांनी पाहिलेलं आहे. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि स्वतःच विरघळतं. किनारपट्टीवर वर्षातल्या बऱ्याच रात्री आर्द्रता याच्या वर असते. चौकटीवर बसलेलं मीठ रात्री खारं पाणी होतं, दुपारी वाळतं, रात्री पुन्हा पाणी. पाऊस नसला तरी धातू रोज ओला होतो.

म्हणूनच पावसाळ्यात खिडक्या खराब होतात ही समजूत मला अर्धवट वाटते. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. तो पाऊस बाहेरचं मीठ फुकटात धुऊन नेतो. मीठ साचतं ते ऑक्टोबरपासून मेपर्यंत, आणि जिथे पाऊस कधी पोचतच नाही तिथे ते बारमाही साचतं: छज्जाखाली, चौकटीच्या वरच्या पट्टीच्या पोटात, बाल्कनीच्या आतल्या दारावर. छज्जाखालच्या पट्टीवरून बोट फिरवून पाहा. समुद्राजवळच्या घरात ते चिकट लागतं. त्याच खिडकीची खालची पट्टी, जिच्यावर पाऊस आपटतो, बऱ्याचदा अधिक स्वच्छ निघते.

धुणं: कधी आणि कसं

कळंगुट, कांदोळी, मिरामार, करंझाळे, बोगमाळो, कोलवा इथे समुद्रासमोरच्या पहिल्या रांगेत राहत असाल तर कोरड्या महिन्यांत महिन्यातून एकदा खिडकी साध्या पाण्याने धुवा. किनाऱ्यापासून आत गेलं की हवेतलं मीठ झपाट्याने कमी होतं. तिथे तीन महिन्यांतून एकदा पुरे. फोंडा, साखळी, वाळपई या बाजूला मिठाचा जोर नाही, वर्षातून दोनदा धुतलं तरी चालतं; तिथला त्रास शेवाळ, बुरशी आणि लाल मातीचा. वास्कोत कोळशाची काळी धूळ बसते आणि धूळ ओलावा धरून ठेवते, त्यामुळे तिथे मिठाचं आणि धुळीचं गणित एकत्र मांडावं लागतं.

धुण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी कोरड्या फडक्याने पुसू नका. मीठ आणि रेती कोटिंगवर घासली जाते. पहिल्यांदा नुसतं पाणी, वरून खाली. मग बादलीभर पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे थोडे थेंब, मऊ स्पंज, आणि छज्जाखालच्या पट्टीपासून सुरुवात. कोपऱ्यातल्या जोडांवर जुना मऊ टूथब्रश फिरवा. पुन्हा भरपूर पाणी आणि शेवटी कोरडं सुती फडकं. ऊन चौकटीवर असताना हे काम करू नये, साबण जागच्या जागी वाळतो. पाणी नळाचं घ्या. किनाऱ्यालगतच्या काही विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात. तसल्या पाण्याने धुतलं तर मीठ काढायच्या नावाखाली मीठच लावून ठेवाल.

काय वापरायचं नाही ते लक्षात ठेवणं अधिक गरजेचं. भांड्यांची हिरवी घासणी आणि स्टीलचा काथ्या नको. काथ्याचे तुटलेले लोखंडी तंतू पट्टीत रुतून बसतात आणि दोन दिवसांत तांबडे ठिपके येतात. धुण्याचा सोडा, ब्लीच नको. आणि सगळ्यात घातक म्हणजे लादीवरचे सिमेंटचे डाग काढायला आणतात ते ॲसिड. चवथीच्या आधी घराची साफसफाई निघते, बाल्कनीची लादी ॲसिडने घासली जाते, ओघळ दाराच्या खालच्या ट्रॅकमध्ये जातो, आणि दिवाळीपर्यंत तिथे अ‍ॅनोडाइझचा (विजेच्या क्रियेने जाड केलेल्या ऑक्साइडच्या थराचा) रंग उडून धातू खरखरीत झालेला असतो. लादी घासायचीच असेल तर आधी ट्रॅक प्लास्टिकने झाकून घ्या. घरात गिलाव्याचं काम निघालं तरी तेच: ओलं सिमेंट आणि चुना दोन्ही तीव्र अल्कली आहेत, शिंतोडा उडाला की वाळायच्या आत ओल्या फडक्याने काढायचा. वाळल्यावर निघतो, पण खाली डाग राहतो.

ट्रॅक आणि पाणी जायची भोकं

सरकती खिडकी पूर्ण पाणबंद नसते, आणि तशी बनवलेलीही नसते. वाऱ्याचा पाऊस काचेवरून ओघळून ट्रॅकमध्ये उतरतो, तिथे थोडा साठतो आणि बाहेरच्या बाजूच्या भोकांतून निघून जातो. भोकं बुजली की ट्रॅक भरतो आणि पाणी घरात येतं. पावसाळ्यात ‘खिडकी गळते’ म्हणून ज्या तक्रारी असतात त्यांतल्या कितीतरी इथेच मिटतात.

हा वाऱ्याचा हिशेब एकदा समजून घेतला की पुष्कळ गोष्टी उलगडतात. ताशी ४५ ते ५० किमीचा सरळ आलेला वारा जवळपास १ सेंटिमीटर उंचीचं पाणी ढकलून धरू शकतो. म्हणजे बाहेर जायला निघालेलं पाणी ट्रॅकमध्ये तेवढं चढून थांबतं, आणि झोत ओसरला की निघून जातं. ताशी ९० किमीला ही उंची ४ सेंटिमीटरच्या आसपास जाते. ट्रॅकची आतली कड त्याहून बुटकी असेल तर पाणी उलटून आत येणारच. १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेलं, तसल्या दिवशी ट्रॅक उलटला तर तो खिडकीचा दोष म्हणता येणार नाही. पण जुलैतल्या रोजच्या सरीला जमिनीवर थारोळं होत असेल तर भोकं तपासा.

मृग लागायच्या आधी, मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, हे करा. शटर, म्हणजे काचेचं सरकतं पान, एका बाजूला सरकवून ट्रॅकमधली सुकी माती जुन्या ब्रशने गोळा करा. व्हॅक्युम क्लीनर असेल तर उत्तम. पाणी नंतर. आधी पाणी ओतलं तर मातीचा चिखल होऊन भोकात जाऊन बसतो. मग बाहेरून भोकं शोधा. ती चौकटीच्या खालच्या पट्टीवर, दोन्ही टोकांजवळ असतात, गोल किंवा लांबट चिरेसारखी. त्यात माडाची हीर घाला. हीर लवचीक असते, वळणाबरोबर वळते आणि कोटिंगला ओरखडा पाडत नाही. तार किंवा स्क्रूड्रायव्हर पाडतो. बाहेर काय येतं ते पाहण्यासारखं असतं: लाल माती, मुंग्यांनी साठवलेला भुसा, आणि कुंभारमाशीने लिंपलेला मातीचा कडक खडा, कधी त्यात वाळलेल्या अळ्याही. हा खडा हिरीने फुटला नाही तर कोमट पाण्याचे चार थेंब सोडून थोडा वेळ थांबा.

शेवटी ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओता आणि बाहेर बघा. तीन ट्रॅकच्या खिडकीत प्रत्येक ट्रॅकमध्ये वेगळं ओतायचं, कारण आतल्या ट्रॅकचं पाणी बाहेरच्या ट्रॅकमध्ये आणि तिथून बाहेर असा त्याचा प्रवास असतो. मधली वाट बुजली तर बाहेरचं भोक मोकळं असूनही काही उपयोग नसतो. पाणी धार धरून गेलं तर काम झालं. थेंबाथेंबाने जात असेल तर पुन्हा हीर.

दोन चुका कारागिरांच्या हातून वरचेवर होतात. भोक पाडायचंच राहून जातं, किंवा चौकट आणि खिडकीखालच्या कडाप्प्याच्या फटीत सिलिकॉन भरताना भोकावरूनही सिलिकॉन फिरवलं जातं. दुसऱ्या बाबतीत ब्लेडने तेवढंच कापून काढा. पहिल्या बाबतीत फॅब्रिकेटरकडून (खिडक्या बनवणाऱ्या कारागिराकडून) दोन्ही टोकांना ६ ते ८ मिलिमीटरची भोकं पाडून घ्या आणि कापलेल्या कडेला रंगाचा हात द्यायला सांगा. ती उघडी कड हीच पुढे खाऱ्या वाऱ्याची शिरायची जागा ठरते.

शटर जड झालं: बेअरिंग बदलणं

करंझाळ्याच्या एका फ्लॅटमधल्या काकी हॉलची खिडकी उघडताना एक पाय भिंतीला लावून ओढायच्या. ‘सेक्शन वाकलंय, पूर्ण खिडकी बदलूया’ असं त्यांना सांगून झालं होतं. शटर उतरवून उलटं केलं तर नायलॉनचं चाक एका बाजूने चक्क सपाट झालेलं, आणि त्याचा लोखंडी आस तपकिरी पूड होऊन चाकात अडकलेला. चाक फिरतच नव्हतं, नुसतं घासत चाललं होतं. बेअरिंगं बदलल्यावर शटर एका बोटाने सरकायला लागलं.

घरी करायचं असेल तर दोन माणसं हवीत. वजनाचा अंदाज घ्या: १ मिलिमीटर जाडीची काच चौरस मीटरला अडीच किलो भरते, म्हणजे ५ मिलिमीटरच्या काचेचं चार फूट बाय दोन फूट शटर असेल तर नुसती काचच नऊ किलोंच्या वर. बाहेर ग्रील नसलेल्या वरच्या मजल्यावर, किंवा शटर याहून मोठं असेल तर हा उद्योग करू नका, फॅब्रिकेटरला बोलवा.

१. सगळ्यात आतल्या ट्रॅकवरचं शटर आधी काढायचं; बऱ्याच घरांत ते मच्छरजाळीचं असतं. वरच्या ट्रॅकमध्ये शटर उचललं जाऊ नये म्हणून प्लास्टिकचा ठोकळा लावलेला असेल तर तो सोडवा.

२. बेअरिंगला उंची कमी-जास्त करायचा स्क्रू असेल तर तो फिरवून चाक आत घ्या. हा स्क्रू शटरच्या खालच्या टोकाला, बाजूच्या छोट्या भोकात असतो.

३. दोघांनी दोन बाजूंनी शटर सरळ वर उचला, खालची कड ट्रॅकमधून सुटली की ती घराच्या आत घ्या. बाहेरच्या बाजूला कधीच झुकवायचं नाही.

४. भिंतीला टेकवून गोधडीवर उलटं उभं करा, बेअरिंग वर. काच आडवी धरून नेऊ नका, स्वतःच्या वजनाने मधे लवते.

५. स्क्रू सोडवून जुनं बेअरिंग काढा आणि तेच घेऊन दुकानात जा. म्हापसा, मडगाव, पणजी, फोंडा कुठेही ॲल्युमिनियम हार्डवेअरच्या दुकानात नमुना दाखवला की काम होतं. नुसतं ‘डोमलचं बेअरिंग’ (डोमल हा सेक्शनचा एक प्रकार) म्हणून मागितलं तर चाकाची खाच आणि चाक बसतं त्या कवचाची रुंदी जुळेलच असं नाही. चाक नायलॉनचं चालेल, पण कवच आणि आस स्टेनलेस स्टीलचे मागा. एकच खराब असलं तरी जोडी बदला.

६. शटर बसवून दोन्ही बाजूंची उंची जुळवा. बंद करताना शटरची उभी कड आणि चौकट यांच्यातली फट वर-खाली सारखी दिसली पाहिजे. ती तिरपी असेल तर लॉक नीट लागत नाही, आणि मग लोक बिचाऱ्या लॉकलाच शिव्या घालतात.

फिरत नसलेल्या चाकाने ट्रॅकची कड खाल्लेली असेल तर त्यावर बसणारी स्टेनलेसची टोपी मिळते. ती बसवून पाहा, अख्खी चौकट काढायच्या आधी.

वंगणाचं एक. खोबरेल तेल सोडायची घरोघर सवय आहे. ते दोन दिवस छान चालतं आणि मग धूळ धरून त्याचा राळेसारखा लगदा होतो. सिलिकॉनचा स्प्रे वापरा, तो कोरडा राहतो. नसेल तर मेणबत्ती ट्रॅकच्या कडेवर घासा, तेवढ्यानेही भागतं.

रबर, ब्रश आणि सिलिकॉन

रबर गेलं की नाही हे नखाने कळतं. दाबल्यावर खड्डा पडून भरून आला तर चांगलं. नख उमटतच नसेल किंवा कोपऱ्यात रबर आखडून काच उघडी पडली असेल तर बदला. नवीन घालताना ताणायचं नाही, उलट प्रत्येक बाजूला किंचित जास्त लांबी ठेवून आत ढकलायचं. ताणून घातलेलं रबर महिनाभरात आखडून पुन्हा कोपरा उघडा टाकतं. सरकत्या शटरच्या कडेला लागतो तो लोकरी ब्रश वारा आणि धूळ अडवतो. वाऱ्याच्या संध्याकाळी बंद खिडकीच्या कडेने पेटती उदबत्ती फिरवा. धूर जिथे आडवा होतो तिथला ब्रश झडलेला आहे.

सिलिकॉन हा मात्र घाईने करायचा विषय नाही. ॲल्युमिनियम तापलं की भिंतीपेक्षा जवळपास दुप्पट वाढतं. दोन मीटरची पट्टी सकाळी गार आणि दुपारी ३० अंशांनी जास्त तापलेली असेल तर लांबीत सुमारे दीड मिलिमीटरचा फरक पडतो, गडद रंगाची पट्टी असेल तर सहजच. फटीत पांढरं सिमेंट किंवा पुट्टी भरली तर ती हालचाल तिला सोसत नाही आणि बारीक चीर पडते. त्या चिरेतून पाणी जातं.

जुनं सिलिकॉन पूर्ण कापून काढा, कारण नवं सिलिकॉन जुन्यावर धरत नाही. जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या. फट खोल असेल तर आत फोमची दोरी दाबा, म्हणजे सिलिकॉन फक्त दोन्ही बाजूंना चिकटेल आणि मधे ताणायला मोकळं राहील. दुकानात ‘न्यूट्रल’ सिलिकॉन मागा. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन सुकताना ॲसेटिक ॲसिड सोडतं, आणि सिमेंट, चिरा (जांभा दगड) किंवा धातूलगत ते वापरू नये. दिवसाला दोन-तीन मिलिमीटर खोलीपर्यंत सुकतं, म्हणून पाऊस दाराशी आला असताना हे काम काढायचं नाही. एप्रिल किंवा नोव्हेंबर बरा.

गळती खिडकीची की भिंतीची?

चिऱ्याच्या घरात हा प्रश्न आधी सोडवल्याशिवाय फॅब्रिकेटरला दोष देऊ नका. चिरा सच्छिद्र असतो. बाहेरून गिलावा नसेल किंवा त्याला भेगा असतील तर पाऊस भिंतीत मुरतो, आत उतरत येतो आणि वाटेत पहिली मोकळी जागा सापडते ती खिडकीची. पाणी चौकटीच्या वरच्या कोपऱ्यातून टपकतं आणि सगळे खिडकीकडे बोट दाखवतात.

तपासायची रीत अशी: कोरड्या दिवसात बागेची नळी घ्या, जोर कमी ठेवा, एक माणूस आत उभा करा. पाणी खालून सुरू करायचं. पहिली दहा मिनिटं फक्त खालचा कडाप्पा. मग चौकटीची खालची फट, मग उभ्या बाजू, मग काचेचं रबर, मग वरची फट, आणि सगळ्यात शेवटी खिडकीवरची भिंत. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि काहीच कळत नाही. ज्या टप्प्यावर आत पाणी आलं ती जागा दोषी. भिंत ओली केल्यावरच पाणी आलं असेल तर उपाय गवंड्याचा आहे. कडाप्प्याला बाहेरच्या बाजूला उतार आणि खालून पाणी तोडणारी खाच आहे का तेही याच वेळी बघून घ्या. खाच नसेल तर पाणी पोटाला चिकटून परत भिंतीकडे येतं.

लोखंडाची संगत

ॲल्युमिनियमला साधं लोखंड किंवा पितळ टेकलं आणि मधे खारा ओलावा आला की ॲल्युमिनियम झिजायला लागतं. खिडकीचे स्क्रू, ग्रीलचे बोल्ट, पडद्याच्या दांडीचे खिळे, सगळे याच हिशेबात. खिशात लोहचुंबक घेऊन फिरा: जो स्क्रू कडकडून चिकटतो तो बदला. समुद्राजवळ ३१६ ग्रेडचे स्टेनलेस स्क्रू घ्या. ३०४ चेही चालतात, पण पहिल्या रांगेत त्यांच्यावर चहासारखे डाग पडतात. लोखंडी ग्रील शक्यतो भिंतीत बसवा, चौकटीत नको. बसवलेली असेलच तर मधे नायलॉनचे वॉशर घाला आणि ग्रीलला दर दोन वर्षांनी रंग द्या.

कोटिंगवर पांढरं आलं तर

काळ्या फडक्याने पट्टी पुसा. फडकं पांढरं झालं आणि धातू गुळगुळीत असेल तर ते उन्हाने पावडर कोटिंगचा वरचा थर सुटणं आहे. गाडीचं वॅक्स पॉलिश लावलं की काही महिने निभावतं. जोडाच्या कडेपासून कोटिंगखाली किड्यासारख्या वाकड्या रेषा पळताना दिसल्या तर मात्र खारं पाणी आत शिरलं आहे. तेवढा भाग बारीक नायलॉन पॅडने धातू दिसेपर्यंत घासा, धुवा, पूर्ण वाळवा, ॲल्युमिनियमवर चालणारा प्रायमर आणि वर दोन घटकांचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग. घरी हे ठिगळच दिसतं, पण रेषा थांबतात.

बंद घरं

परदेशी असलेल्यांची, बोटीवर नोकरीला गेलेल्यांची, सुट्टीपुरती उघडणारी घरं गोव्यात गावोगाव आहेत, आणि त्यांच्या खिडक्या लवकर जातात. न फिरणारं बेअरिंग एका जागी धरतं, मीठ कोणी धूत नाही, भोकात कुंभारमाशी निवांत घर बांधते. चावी ज्यांच्याकडे असते त्यांना महिन्यातून एकदा प्रत्येक शटर दोनदा सरकवायला आणि मेमध्ये भोकं साफ करायला सांगा.

बदलायचीच वेळ आली तर

चौकटीचे कोपरे सुटून कोन बिघडला असेल, छिद्रं आरपार गेली असतील, किंवा सेक्शन इतकं पातळ असेल की स्क्रू पुन्हा धरतच नाही, तर खर्च करत बसू नका, नवीन घ्या. मापाच्या कागदावर पुढच्या गोष्टी लिहून घ्या. मिश्रधातू ६०६३. सेक्शनची जाडी मिलिमीटरमध्ये, नुसतं ‘हेवी’ नव्हे. पहिल्या रांगेत अ‍ॅनोडाइझ घेणार असाल तर भारतीय मानक आयएस १८६८ प्रमाणे एसी २५, म्हणजे २५ मायक्रॉनचा थर; पावडर कोटिंग असेल तर किमान ६० मायक्रॉन. ईपीडीएम रबर, स्टेनलेस बेअरिंग आणि स्क्रू, न्यूट्रल सिलिकॉन. ट्रॅकच्या आतल्या कडेची उंची विचारा. पश्चिमेला, समुद्राकडे तोंड असलेल्या खिडकीला ती जितकी जास्त तितकी बरी, किंवा त्या बाजूला सरकतीऐवजी कब्ज्यावर उघडणारी खिडकी घ्या, तिचं रबर दाबून बसतं आणि पावसाला सहजासहजी दाद देत नाही.

चौकट बसल्यावर संरक्षक प्लास्टिकची फिल्म गिलावा आणि रंग होईपर्यंत ठेवा, पण उन्हात महिनोन्‌महिने नको, तिचा डिंक कोटिंगला चिकटतो. शेवटचा हप्ता देण्याआधी प्रत्येक ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओता, बाहेर जाऊन धार बघा, आणि मग पैसे द्या.